पाय वाजू नये म्हणून: मोकॅसिन, बूट आणि शिकाऱ्याची चाल

ओल्या दिवसांत मोकॅसिन घालणं म्हणजे सभ्यपणे अनवाणी चालणं, असं अमेरिकेच्या सीमावर्ती जंगलातले गोरे शिकारी म्हणायचे. हे बोलणं जोसेफ डॉड्रिज यांनी १८२४ मध्ये नोंदवून ठेवलं. ते धर्मोपदेशक होते, डॉक्टरही होते, आणि त्यांचं लहानपण पेनसिल्व्हेनिया आणि व्हर्जिनियाच्या त्याच जंगली पट्ट्यात गेलं होतं. हरणाच्या मऊ कातड्याचा हा जोडा दोन-चार तासांत शिवून होतो, पण स्पंजासारखं पाणी पितो, असं ते सांगतात. जुन्या चाकूच्या स्प्रिंगची आरी, तिला हरणाच्या शिंगाची मूठ आणि सोबत कातड्याची एक गुंडाळी, हे सगळं प्रत्येकाच्या गोळ्या-छऱ्यांच्या पिशवीच्या पट्ट्याला लटकलेलं असे. जवळजवळ रोज संध्याकाळी जोडा दुरुस्त करायला बसावं लागे. थंडीत आत हरणाचे केस किंवा सुका पाला भरायचा आणि रात्री पाय शेकोटीकडे करून झोपायचं. तरीही बहुतेक शिकाऱ्यांना सांधेदुखीने गाठलंच, आणि डॉक्टर म्हणून डॉड्रिज यांनी त्याचा दोष मुख्यतः या जोड्याला दिला.

मग हा जोडा ते घालत का होते? अमेरिका-कॅनडात लाकडी धनुष्य किंवा ठासणीची बंदूक घेऊन परवान्यावर शिकार करणारे लोक आजही तोच प्रश्न विचारतात: मोकॅसिन घालावेत की आजचे बूट? आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर हा प्रश्नच उरला नाही. शिवाय ‘मोकॅसिन’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दुकानातला बिनलेसचा, कडक तळाचा जोडा येतो. मूळ वस्तूशी त्याचं नातं फक्त वरच्या अर्धगोल शिवणीपुरतं. म्हणून जरा मुळापासून सांगतो.

शब्द अल्गॉन्क्वियन या उत्तर अमेरिकेतल्या मूळवासींच्या भाषाकुळातला. ओजिब्वे भाषेत ‘मकिझिन’, तिच्या बहिणी-भाषांत याचीच जवळची रूपं. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पूर्व किनाऱ्यावर उतरलेल्या इंग्रजांनी तो उचलला आणि पुढे खंडभरातल्या शेकडो जमातींच्या पादत्राणांना तेच एक नाव लावून टाकलं. प्रत्यक्षात प्रकार वेगवेगळे. पूर्वेकडच्या वनप्रदेशात कातड्याचा एकच तुकडा पायाभोवती वर वळवून चवड्यावर चुण्या घालून शिवायचे. तळही त्याच कातड्याचा, मऊ. पश्चिमेच्या गवताळ मैदानांत, जिथे निवडुंग आणि खडे, तिथे एकोणिसाव्या शतकात कच्च्या, न कमावलेल्या कातड्याचा टणक तळ वेगळा कापून जोडायची पद्धत रुळली. म्हणजे मऊ तळ की कडक तळ, हा वाद बुटांच्या येण्यावर अडलेला नव्हता. जमीन बदलली तसा तळ बदलला.

जोडा किती जुना आणि त्याची शिवण किती बोलकी, याचा पुरावा यूटामधल्या ग्रेट सॉल्ट लेकच्या काठी मिळाला. १९३० आणि ३१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ ज्युलियन स्टीवर्ड यांनी तिथल्या प्रोमॉन्टरी गुहा खणल्या. कोरड्या हवेमुळे आतलं कातडं टिकलं होतं, आणि पुढच्या उत्खननांसह तिथून शेकडो मोकॅसिन निघाले. बहुतेक तेराव्या शतकातले, त्यांतले बरेच मुलांच्या मापाचे. शिवणीची धाटणी त्या मुलखातली नव्हती. ती दूर उत्तरेच्या, कॅनडातल्या डेने लोकांच्या जोड्यांशी जुळत होती. अपाची आणि नवाहो या अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या जमातींचे पूर्वज उत्तरेकडून दक्षिणेला आले, हे भाषेच्या अभ्यासकांना ठाऊक होतं. त्या वाटेवरचा एक मुक्काम या जोड्यांनी दाखवला. फाटून फेकून दिलेल्या जोड्याने एवढं सांगावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खरी कारागिरी शिवणीच्याही आधी, कातडं कमावण्यात असते. आपल्याकडे कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावतात. ते टणक, घट्ट होतं. उत्तर अमेरिकेतल्या स्त्रिया (बहुतेक ठिकाणी हे काम त्यांचंच) जनावराचा मेंदू वापरत. कातडं ताणून, मांस आणि केस खरवडून काढायचे, पाण्यात कालवलेला मेंदू त्यात मुरवायचा, मग पिळायचं, ओढायचं, पुन्हा पिळायचं, अगदी वाळेपर्यंत हात थांबवायचा नाही. मेंदूतली स्निग्ध द्रव्यं तंतूंमध्ये शिरतात आणि तंतू एकमेकांना चिकटत नाहीत. शेवटी कातड्याची पिशवी शिवून तिला कुजक्या लाकडाच्या धगीवर धुरी द्यायची. ज्योत नको, नुसता धूर. ही धुरी रंगासाठी नसते. धूर न दिलेलं कातडं एकदा भिजलं की वाळून पुठ्ठ्यासारखं होतं. धुरी दिलेलं भिजतं, पण वाळल्यावर थोडं चोळलं की पुन्हा मऊ. जलरोधक मात्र ते कधीच नव्हतं, आणि तसा दावाही कोणी केला नव्हता.

आता शिकारीचं. लाकडी धनुष्याने खात्रीचा बाण सोडायचा तर सावज साधारण वीस पावलांच्या आत हवं. बंदुकीवाल्याला शंभर पावलांवरून जमतं ते इथे चालत नाही. सागाच्या वाळक्या पाचोळ्यात उन्हाळ्यात चालून पाहिलेल्या माणसाला ही अडचण वेगळी सांगायला नको. मऊ तळातून काडी आधी पायाला लागते. पायाची बाहेरची कड अलगद टेकवायची, खाली काय आहे ते चाचपायचं, मगच आत झुकत भार टाकायचा. काडी लागली तर पाय उचलून दुसरीकडे. बुटाच्या जाड तळातून काडी कळते ती मोडल्यावरच. शिकारी वाईट म्हणून नव्हे, त्याचा पाय त्या जमिनीपुरता बहिरा झालेला असतो म्हणून.

पण बाकी सगळ्या ठिकाणी पारडं फिरतं, आणि मोकॅसिनच्या प्रेमात पडलेले लोक हे सहसा विसरतात. १८०५ च्या जूनमध्ये, अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळायला निघालेल्या लुईस आणि क्लार्क यांच्या तुकडीला मिझुरी नदीच्या धबधब्यांना वळसा घालून होड्या आणि सामान सुमारे २९ किलोमीटर ओढत न्यायचं होतं. बायसनच्या (अमेरिकेतल्या रानबैलांच्या) खुरांनी तुडवलेला चिखल वाळून धारदार झालेला, त्यात निवडुंगाचे काटे. कच्च्या कातड्याचा दुहेरी तळ लावूनही पाय रक्तबंबाळ झाले. पुढच्या हिवाळ्यात पॅसिफिक किनाऱ्यावर, सततच्या पावसात, त्यांनी परतीसाठी सव्वातीनशेहून जास्त जोड मोकॅसिन शिवून ठेवले. तीसेक माणसांसाठी! एक जोड किती लवकर झिजायचा याचा अंदाज एवढ्यावरून यावा.

मोकॅसिन मागे पडण्याचं हे एकच कारण असतं, तर गोष्ट साधी होती. बायसनचे कळप एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जवळजवळ संपवले गेले, जमाती राखीव प्रदेशांत कोंडल्या गेल्या. मग आली मूळवासी मुलांना घरापासून दूर नेऊन गोऱ्यांच्या रीती शिकवणारी निवासी शाळा. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात कार्लाइलची शाळा उघडली. पहिल्या तुकडीत लुथर स्टँडिंग बेअर हा लाकोटा जमातीचा मुलगा होता. घरचे कपडे काढून घेतल्यावर नवे करकरणारे बूट मिळाले, तेव्हा मुलं किती हरखली, रात्रभर खोलीत कशी फिरत राहिली, हे लुथर यांनी मोठेपणी लिहिलं. त्याच कडक बुटांनी पायांना केलेले हालही त्यांनीच लिहिले. मला यातला तो आवाज विसरता येत नाही. ज्या घरांत पाय न वाजवता चालणं हे लहानपणीचं पहिलं शिक्षण होतं, तिथल्या मुलांना करकरणारा जोडा बक्षिसासारखा देण्यात आला. याच शाळेत मुलांना बूट शिवण्याचा धंदाही शिकवत. कातडं कमावणाऱ्या आया आणि आज्या मात्र शेकडो कोस दूर राहिल्या. मोकॅसिनच्या इतिहासातली सर्वांत मोठी तूट इथे पडली.

१९११ या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. मेन राज्यातला लिऑन बीन शिकारीहून ओले पाय घेऊन परतला आणि त्याने चांभाराकडून रबरी जोड्याला वर हलकं चामडं शिवून घेतलं. पुढच्या वर्षी त्याने टपालाने १०० जोड विकले. त्यांतले ९० शिवण उसवल्याने परत आले. त्याने सगळे पैसे परत केले आणि जोडा सुधारून पुन्हा विकायला काढला. उत्तरेच्या जंगलात लाकूडतोडे आधीपासून ‘शूपॅक’ घालत. ते तेल मुरवलेले, घोट्यावर चढणारे मोकॅसिनच, आणि नावातला मूळ शब्दही लेनापे या मूळवासी जमातीच्या भाषेतला. बीनच्या बुटाचं बीज याच घराण्यातलं. व्हल्कनाइझ केलेल्या रबराने त्यात पाणी अडवलं, एवढाच नवा भाग. आजच्या कित्येक बुटांच्या चवड्यावर दिसणारी ती अर्धगोल शिवण त्याच वंशाची खूण आहे.

दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियात ओरोव्हिलला. ‘याही’ नावाच्या मूळवासी जमातीचा अखेरचा माणूस त्या ऑगस्टमध्ये एकटाच वस्तीत आला. त्याला इशी म्हणू लागले. त्याचं खरं नाव त्याने कोणाला सांगितलं नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे शल्यविशारद सॅक्स्टन पोप त्याचे उपचार करता करता त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले, आणि अमेरिकेत धनुष्याची शिकार पुन्हा सुरू होण्यात पोप यांचा वाटा मोठा. इशीला जोडे आवडत नसत, तो अनवाणीच बरा असे. त्याची चाल पोप यांनी बारकाईने पाहून लिहिली: छोटी पावलं, पाय जमिनीवर घासत नेल्यासारखा टेकवायचा, टाचेला किंवा चवड्याला धक्का बसू द्यायचा नाही, अंगठे किंचित आत वळलेले. मोकॅसिनचा खरा हेतू या चालीला जागा करून देणं हाच. चाल नसेल तर नुसता मऊ जोडा काय कामाचा? टाच आपटत चालणारा माणूस मोकॅसिनमध्येही वाजतोच, आणि वर त्याची टाच दुखते.

पुढची बुटांची कहाणी मुख्यतः डोंगर आणि पावसाची. १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा गिर्यारोहक मरण पावले, त्या धक्क्यातून व्हिताले ब्रामानी यांनी १९३७ मध्ये खाचांचा रबरी तळ बाजारात आणला. १९६९ मध्ये बॉब गोर यांना सापडलेल्या ताणलेल्या प्लास्टिकच्या पडद्यातून घाम जातो, पाणी येत नाही. ओली उतरण, खडक, पाठीवर मोठं ओझं असेल तर मी बिनदिक्कत बूट सुचवीन. कोरड्या पानझडी जंगलात, शेवटच्या शंभर पावलांत, मऊ तळाला तोड नाही. कित्येक धनुर्धारी तेवढ्या अंतरासाठी बूट काढून मोज्यांवर सरकतात, ते याचमुळे.

उत्तर कॅनडात क्री आणि डेने शिकारी हे वादाशिवाय जगतात. कोरड्या कडाक्यात बर्फ पाण्यासारखा भिजवत नाही. धुरी दिलेल्या मूसच्या (उत्तरेतल्या थोराड हरणाच्या) कातड्यातून घाम बाहेर पडतो, आत जाड लोकरीचे पायमोजे, आणि स्नोशूजच्या, म्हणजे बर्फावर चालायला पायाखाली बांधायच्या चौकटींच्या, जाळीला कडक टाचेने होते तशी इजा होत नाही. वसंतात बर्फ विरघळून रेंदा झाला की त्याच मोकॅसिनवर, मोज्यासारखा, रबरी जोडा चढतो. संध्याकाळी तो दारात निघतो, आणि आत शेगडीजवळ मोकॅसिन वाळत टांगले की घरभर धुराचा वास दरवळतो.