लोहाराच्या भात्यापासून मियाटाच्या बोनेटपर्यंत : सुपरचार्जर किटची पार्श्वभूमी

माझदा एमएक्स-५ म्हणजे मियाटा घेतलेला जवळजवळ प्रत्येक जण वर्ष-दोन वर्षांत एकदा तरी इथे येऊन थांबतो, की गाडी वळणांवर इतकी गोड आहे, पण चढावर आणि सरळ रस्त्यावर अजून थोडा दम असता तर. १९८९ च्या पहिल्या १.६ लिटर गाडीला ११५ च्या आसपास हॉर्सपॉवर, वजन कमी म्हणून ती पुरतेही, पण माणसाचं मन भरत नाही. मग सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या जोरावर फिरून त्यातच जास्तीची हवा कोंबणारा पंप, लावायचा ठरतं आणि पहिलाच प्रश्न, कुठला? रूट्स, स्क्रू की सेंट्रिफ्यूगल? लोक थेट पॉवरचे आकडे बघून ठरवतात आणि तिथेच चुकतं असं मला वाटतं, कारण किटमधला एकेक पार्ट का आहे हे कळायला शंभर-सव्वाशे वर्षं मागे जावं लागतं. तो प्रत्येक पार्ट कुणाचं तरी इंजिन फुटल्यावर आलाय.

इथे अमेरिकेत मित्राच्या गॅरेजमधे मी पहिल्यांदा सेकंडहँड ईटन एम४५, म्हणजे ईटन कंपनीचा रूट्स प्रकारचा सुपरचार्जर, हातात घेतला. अ‍ॅल्युमिनियमचा, आकाराच्या मानाने चांगलाच जड. पुली हाताने फिरवली की आत दोन रोटर एकमेकांच्या खाचेतून फिरतात, प्रत्येकाला तीन पाकळ्या, किंचित पीळ दिलेल्या, आणि गंमत म्हणजे दोघं एकमेकांना कुठेच टेकत नाहीत, केसाएवढी फट ठेवून तेलात बुडालेले दोन गिअर त्यांना जोडीनं फिरवतात. बाहेर पडायच्या तोंडावर तळहात ठेवला आणि पुली झटकन फिरवली तर हवेचा फुफाटा जाणवतो. फुंकायची ही रीत लोहाराच्या भात्याचीच, फक्त इथे थांबून थांबून नाही तर सलग.

आणि याचा जन्म खरंच भट्टीपाशीच झालाय. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात कॉनर्सव्हिल गावी फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स हे दोघे भाऊ लोकरीची गिरणी चालवायचे. पाण्याच्या चाकाऐवजी काहीतरी चांगलं बनवायच्या नादात त्यांनी लाकडी रोटरचं यंत्र केलं, ते पाण्यावर नीट चाललं नाही, पण फिरवलं की हवा जोरात फेकतं हे लक्षात आलं, आणि १८६० मधे त्याचं पेटंट झालं ते ब्लोअर म्हणून, भट्ट्यांना हवा द्यायला. मोटारगाडीचा तेव्हा पत्ताच नव्हता. इथली एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवायची, रूट्स ब्लोअर आतल्या आत हवा दाबत नाही, नुसती उचलून पलीकडे टाकतो, ती दाबली जाते पुढे मॅनिफोल्डमधे, म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत, गर्दी झाल्यावर. म्हणून बूस्ट, म्हणजे हा जास्तीचा दाब, वाढवत नेला की तो हवा फार तापवतो. आज कमी बूस्टला ईटन आणि जास्त बूस्टला दुसरं काहीतरी असं सांगतात त्याचं मूळ हे.

गाडीत हा प्रकार विकायला आणला मर्सिडीजने. पहिल्या महायुद्धात विमानाच्या इंजिनांना उंचावरच्या विरळ हवेत ब्लोअर द्यायचं काम झालं होतं, ते ज्ञान घेऊन सप्टेंबर १९२१ मधे बर्लिनच्या मोटर शोत त्यांनी दोन गाड्या ठेवल्या, ६/२५/४० आणि १०/४०/६५. पहिला आकडा टॅक्सचा, दुसरा कॉम्प्रेसर बंद असतानाची पॉवर, तिसरा चालू असतानाची. ब्लोअर क्लचवर होता, अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला दाबला तरच जोडला जायचा आणि किंचाळायला लागायचा, तेही थोडाच वेळ चालवायचं. पुढे मर्सिडीजचीच एसएसके आली तीही याच रीतीची.

रेसमधे पहिला धडा धुळीने शिकवला. १९२३ ची फ्रेंच ग्रांप्री, तूर गावाजवळ, फियाट सर्वात वेगवान होत्या, पण ब्लोअरच्या तोंडाला धड जाळी नव्हती, रस्त्यावरची धूळ आणि खडी आत ओढली गेली आणि एकेक गाडी बाद. त्याच वर्षी सप्टेंबरमधे मोंझाला मात्र फियाटच जिंकली, कार्लो सालामानो चालवत होता, आणि सुपरचार्ज केलेल्या गाडीचा ग्रांप्रीतला तो पहिला विजय. किट घेताना लोक एअर फिल्टरवर पैसे वाचवतात तेव्हा मला हमखास ती तूरची रेस आठवते.

दुसरा धडा बेंटलीचा, आणि यावर मी जरा थांबणार आहे कारण कुठल्या इंजिनावर ब्लोअर बसवावा या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. साडेचार लिटर बेंटलीला ब्लोअर लावायचा हट्ट रेसर टिम बर्किनचा, पैसे डोरोथी पॅजेटचे, ब्लोअर अ‍ॅमहर्स्ट व्हिलियर्सचा. स्वतः डब्ल्यू. ओ. बेंटली ठाम विरोधात, त्यांचं म्हणणं पॉवर हवी तर इंजिन मोठं करा. ब्लोअर क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या) पुढे, रेडिएटरच्याही पुढे बसवला, साध्या गाडीची ११० हॉर्सपॉवर रस्त्याच्या मॉडेलला १७५ आणि रेसिंगच्या गाडीला २४० पर्यंत गेली. दिसायला इतकी देखणी गाडी की आजही सगळ्यांना तीच आठवते. पण १९३० च्या ल मॉंला ब्लोअर बेंटली शेवटपर्यंत टिकल्याच नाहीत, जिंकली ती बेंटलींचीच मोठ्या इंजिनाची बिनब्लोअर स्पीड सिक्स. त्याच वर्षी पो इथल्या फ्रेंच ग्रांप्रीत बर्किनने दुसरा नंबर काढला हेही खरंच आहे, माणूस जिगरबाज होता. पण मूळ इंजिन त्या दाबासाठी बनलेलं नसेल तर नुसता ब्लोअर बसवून भागत नाही, पेट्रोल, कूलिंग, पिस्टन, सगळंच त्याच्या जोडीनं बदलावं लागतं.

सेंट्रिफ्यूगल प्रकार अमेरिकेत रुळला. ड्यूसेनबर्ग एसजे १९३२ ची, कंपनीचा दावा ३२० हॉर्सपॉवरचा. आणि इथे आपला एक खरा धागा आहे, इंदूरच्या यशवंतराव होळकरांनी (दुसरे) एसजेच्या चासीवर लंडनच्या गर्नी नटिंगकडून स्पीडस्टर बॉडी करून घेतली होती, म्हणजे मराठी राजाच्या गॅरेजमधे सुपरचार्जर तेव्हाच येऊन पोचला होता. सेंट्रिफ्यूगलचा स्वभाव असा की बूस्ट साधारण आरपीएमच्या वर्गाच्या हिशेबाने चढतो, खाली जवळजवळ काही नाही आणि वर एकदम धबधबा.

तिसरा, ट्विन स्क्रू, त्याला स्वीडनच्या आल्फ लिशोल्मने १९३० च्या दशकात रूप दिलं, तो आतच हवा दाबतो म्हणून तापवतो कमी, पण रोटर फार बारीक मापाने कापावे लागतात म्हणून महाग, आणि गाड्यांत यायला त्याला फार वर्षं लागली.

रेसिंगमधे याचा कळस म्हणजे अल्फा रोमिओ १५९. दीड लिटर, दोन टप्प्यांचा रूट्स, ४०० च्या वर हॉर्सपॉवर, आणि इंधन मेथेनॉलवर आधारलेलं कारण ते जळण्याआधी आत गारवा करतं. लिटरला जेमतेम अर्धा किलोमीटर! १४ जुलै १९५१ ला सिल्व्हरस्टोनला फ्रोइलान गोन्झालेसच्या साडेचार लिटर बिनब्लोअर फेरारीने अल्फांना हरवलं आणि ग्रांप्रीतला ब्लोअरचा जमाना तिथून उतरणीला लागला.

पण रस्त्यावर तो मेला नाही, भंगारातून परत आला. जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनांना मुळातच रूट्स ब्लोअर लागायचा, ६-७१ म्हणजे सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ क्यूबिक इंच. युद्धानंतर हॉट रॉडवाल्या पोरांनी ट्रकचे हे ब्लोअर काढून व्ही८ वर बसवले, बोनेटमधून डोकं बाहेर काढलेला ब्लोअर आपण चित्रात बघतो तो हाच. लहान गाड्यांसाठी पेनसिल्व्हेनियातल्या जडसनने एमजी, स्प्राइट, बीटलला बसतील असे व्हेनचे (फिरत्या पात्यांच्या ब्लोअरचे) किट विकले, त्यांना सतत तेल पाजावं लागायचं, पण घरी स्पॅनर घेऊन बसवता येणारं किट ही कल्पना लोकांच्या अंगवळणी पाडण्यात अशा किट्सचा मोठा हात आहे.

मधे टर्बोचा काळ गेला, तो इथे सोडतो. १९८६ ला टोयोटाने एमआर२ ला विजेच्या क्लचवरचा ब्लोअर दिला, १९२१ चीच युक्ती नव्या कपड्यांत, आणि १९८९ ला फोर्डने थंडरबर्ड सुपर कूपमधे ईटन एम९० घातला. ईटनने बायपास व्हॉल्व्ह नीट बसवला, आरामात चालवताना हवा तिथल्या तिथे फिरत राहते, इंजिनावर भार जवळजवळ पडत नाही, त्यामुळं क्लच लागेनासा झाला. मग जॅक्सन रेसिंगने एम४५ मियाटाला लावला आणि आमच्या पिढीच्या डोक्यात सुपरचार्जर म्हणजे ते किट बसलं.

आता हिशेब बघा. एम४५ एका फेऱ्यात ४५ क्यूबिक इंच म्हणजे सुमारे ७३७ सीसी हवा टाकतो. १.६ चं इंजिन क्रँकच्या एका फेऱ्यात ओढतं ८०० सीसी. म्हणजे दोघं एकाच वेगाने फिरले तर बूस्ट शून्यच, उलट अडथळा, म्हणून ब्लोअरची पुली क्रँकच्या पुलीपेक्षा बरीच लहान ठेवतात. ती आणखी लहान केली की बूस्ट वाढतो, आणि मोह होतो तो इथेच. पण मियाटाचं कॉम्प्रेशन (सिलिंडरमधे हवा किती पट दाबली जाते ते) आधीच ९.४ आहे, दाबलेली हवा गार करणारा इंटरकूलर नाही, तेव्हा सहाएक पीएसआय बूस्टवर थांबणं शहाणपणाचं. घाटात दोन-अडीच हजार आरपीएमपासून ओढ हवी असेल तर रूट्स घ्या, ट्रॅकवर सुई कायम वरच राहणार असेल तर सेंट्रिफ्यूगल.

बसवताना वेळ जातो तो बेल्टच्या रेषेत. पट्टी लावून बघायची, पुली एक-दोन मिलिमीटर जरी बाहेर असली तरी बेल्ट कडेने उसवतो, आमच्या मित्राचा पहिल्याच आठवड्यात गेला, काळा धागा बोनेटभर. मग मोठे इंजेक्टर आणि इग्निशन जरा मागे (ठिणगी थोडी उशिरा), नेहमीपेक्षा एक पायरी थंड, म्हणजे उष्णता लवकर बाहेर टाकणारे प्लग, हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारं वाइडबँड गेज, हे सगळं पहिल्या फुल थ्रॉटलच्या आधी. आणि पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर प्लग काढून उजेडात धरायचे, पोर्सेलिनवर मिरपुडीसारखे काळे ठिपके किंवा अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत कण दिसले तर नॉकिंग (पेट्रोल आपोआप, धडाक्याने पेटणं) होतंय, तेव्हा ट्यूनिंग नीट होईपर्यंत गाडी दामटायची नाही आणि ब्लोअरची पुली एक साइज मोठी लावायची.