टकटकणारी हार्ड डिस्क: आधी प्रत, मग दुरुस्ती

कॉम्प्युटर सुरू केला आणि काळ्या पडद्यावर 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' एवढीच ओळ उमटली, की हात आपोआप रिस्टार्टच्या बटणाकडे जातो. तो आवरावा. बिघडलेली डिस्क आणखी किती वेळा चालू होईल याचा नेम नसतो. उरलेला प्रत्येक वेळ फाइली बाहेर काढण्यासाठी राखायचा, विंडोज सुरू होतं का ते बघण्यात घालवायचा नाही. वीज बंद करून कॅबिनेट उघडावं, डिस्कला जाणाऱ्या साटा (माहितीची ने-आण करणारी) आणि पॉवरच्या दोन्ही केबली काढून पुन्हा घट्ट बसवाव्यात आणि मग एकदाच, नीट कान देऊन, चालू करावं.

साडेतीन इंची डिस्कमधल्या तबकड्या मिनिटाला ५४०० किंवा ७२०० फेरे घेतात. ७२०० फेऱ्यांना तबकडीची कड ताशी सुमारे १३० किलोमीटर वेगाने धावत असते आणि तिच्यावर वाचणारं हेड अवघ्या काही नॅनोमीटर उंचीवर, हवेच्या पातळ थरावर तरंगतं. माणसाचा केस साधारण ७० ते ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. हेड तबकडीला टेकलं की चुंबकीय लेप खरवडला जातो, त्याची पूड आत फिरते आणि उरलेल्या जागेवरही ओरखडे पाडते. म्हणून घरी, पंख्याखाली, 'जरा झाकण काढून बघूया' हा उद्योग कधीही करू नये.

आवाजावरून निम्मं निदान होतं. ठरावीक लयीत टक, टक, टक आणि मग शांतता, म्हणजे हेडला तबकडीवरच्या दिशादर्शक खुणा वाचता येत नाहीत. ते पुन्हा पुन्हा मागे जाऊन अडणीवर आपटतं. हेड, त्यावरचा अँप्लिफायर किंवा तबकडीचा पृष्ठभाग, यांपैकी काहीतरी गेलेलं असतं. बारीक गुणगुण किंवा बीप येत असेल तर मोटर फिरायचा प्रयत्न करते आहे पण अडकली आहे. बऱ्याचदा हेड तबकडीला चिकटलेलं असतं. या दोन्ही आवाजांना घरगुती उपाय नाही, लगेच बंद करावं. आवाज नेहमीसारखाच पण फाइल उघडायला मिनिटं लागत असतील, तर सेक्टर, म्हणजे माहिती साठवायचे तबकडीवरचे लहान कप्पे, खराब होत चालले आहेत आणि घरच्या घरी बरंच वाचवता येतं. आणि डिस्क अजिबात फिरत नसेल, तर आधी खालच्या हिरव्या किंवा निळ्या सर्किट बोर्डाकडे बघावं.

गोव्यात हा बोर्ड विशेष लक्ष देण्याजोगा. जून ते सप्टेंबर हवेत ओल भरलेली, किनाऱ्यालगत त्यात खारी हवा. बोर्डाच्या आतल्या बाजूला हेडच्या आणि मोटरच्या जोडणीचे लहान धातूचे ठिपके असतात, ते काळे पडतात आणि चांगली डिस्क आजारी वाटू लागते. बोर्ड चांदणीच्या आकाराच्या टॉर्क्स स्क्रूंनी बसवलेला असतो, बहुतेक वेळा टी-६ मापाच्या. हे स्क्रू काढल्याने तबकड्यांचं झाकण उघडत नाही, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. ठिपके मऊ खोडरबराने हलके घासावेत, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावेत, पूर्ण वाळू द्यावेत आणि बोर्ड परत बसवावा.

मे महिन्यातली किंवा परतीच्या पावसातली वीज कडाडली आणि त्यानंतर डिस्क मुकी झाली, तर कारण वेगळं. पॉवर कनेक्टरजवळ टीव्हीएस डायोड नावाचे दोन काळे चौकोनी भाग असतात, एक ५ व्होल्टच्या वाटेवर, दुसरा १२ च्या. व्होल्टेज वाढलं की ते स्वतः शॉर्ट होऊन पुढचं सर्किट वाचवतात. डिस्क बाहेर काढून मल्टिमीटरने तपासावं. डायोडच्या दोन टोकांत शून्याच्या आसपास रोध दिसला तर तो गेला. सोल्डरिंगचा हात बसलेला माणूस तो काढून टाकतो आणि डिस्क बरेचदा जागी होते. पण आता तिला संरक्षण उरलेलं नसतं, तेव्हा फक्त प्रत काढण्यापुरतीच चालवायची, तीही दुसऱ्या, खात्रीच्या एसएमपीएसवर (कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्यावर). मूळ एसएमपीएसच बिघडलेला असेल तर तो पुढची डिस्कही जाळेल.

तशाच मॉडेलचा दुसरा बोर्ड आणून लावण्याचा सल्ला सर्रास मिळतो. जुन्या डिस्कना तो चालायचा. हल्ली प्रत्येक डिस्कची स्वतःची जुळणी बोर्डावरच्या एका आठ पायांच्या लहान चिपमध्ये साठवलेली असते. बऱ्याच मॉडेलांत ती चिप काढून नव्या बोर्डावर बसवल्याशिवाय काही वाचता येत नाही.

डिस्क फिरते आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंगच्या पडद्यावर, दिसते आहे असं धरू. क्रिस्टलडिस्कइन्फोसारखं फुकट सॉफ्टवेअर डिस्कची स्वतःची नोंदवही, म्हणजे स्मार्ट, वाचून दाखवतं. त्यातल्या चार ओळी पुरेत. ०५ म्हणजे खराब ठरवून बदललेले सेक्टर. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निर्णय लटकलेले सेक्टर. सी६ म्हणजे डिस्कच्या स्वतःच्या तपासणीतही दुरुस्त न झालेले. सी७ वाढत असेल तर दोष बहुधा केबलचा. साधी साटा केबल बदलून काम भागतं, नवी डिस्क आणायला धावू नका. हे सॉफ्टवेअर कच्चे आकडे सहसा षोडशमान पद्धतीत दाखवतं, त्यामुळे शेवटी १० दिसलं तर ते सोळा समजावेत.

सी५ शून्याच्या वर गेला की आधी प्रत. इथे लोक चेकडिस्क, म्हणजे विंडोजचा डिस्क तपासून दुरुस्त करणारा प्रोग्राम, चालवतात आणि पस्तावतात. चेकडिस्क फाइल प्रणाली सुसंगत करण्यासाठी त्याच डिस्कवर लिहितं. जे वाचता आलं नाही त्याच्या नोंदी काढूनही टाकतं. 'ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा' या विंडोजच्या चौकटीलाही नकारच द्यायचा.

प्रतीसाठी उबंटू किंवा सिस्टमरेस्क्यू या लिनक्स प्रणालीचा पेनड्राइव्ह करून त्यावरून कॉम्प्युटर सुरू करावा आणि जीएनयू डीडीरेस्क्यू हा प्रत काढणारा प्रोग्राम वापरावा. नवी डिस्क जुनीइतकी किंवा मोठी हवी. हा प्रोग्राम आधी सहज वाचता येणारा भाग भराभर उतरवतो आणि अडलेल्या जागा सोडून पुढे जातो. विंडोजमधली साधी कॉपी मात्र पहिल्याच खराब सेक्टरवर डोकं आपटत बसते. पहिली फेरी '-n' (लहान एन) पर्याय देऊन करावी, म्हणजे खराब जागा खरवडण्यात वेळ जात नाही. नंतरच्या फेरीत तीन वेळा प्रयत्न करायला सांगावं. आज्ञेत आधी जुनी डिस्क, मग नवी, मग मॅप फाइल, म्हणजे काय उतरलं आणि काय राहिलं याची नोंद. हा क्रम उलटला तर कोरी डिस्क जुनीवर उतरते आणि सगळं पुसलं जातं, म्हणून एंटर दाबण्याआधी दोन्ही डिस्कचे सिरियल नंबर लेबलशी ताडून बघावेत.

मॅप फाइल वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवावी. लाइव्ह लिनक्सच्या मेमरीत ठेवली तर दिवे गेले की तीही गेली. पेनड्राइव्हवर असली की काम थांबलं तिथून पुढे चालू होतं. निरोगी १ टीबी डिस्क सेकंदाला १०० एमबी वेगाने पावणेतीन तासांत उतरते, आजारी डिस्कला दिवस लागतात. त्या काळात डिस्कवर छोटा पंखा सोडावा आणि कॉम्प्युटर यूपीएसवर ठेवावा.

प्रत हातात आली की मूळ डिस्क बाजूला. चेकडिस्क, टेस्टडिस्क (हरवलेली पार्टिशन शोधणारा प्रोग्राम), काय प्रयोग करायचे ते प्रतीवर, शक्यतो तिच्याही दुसऱ्या प्रतीवर. फोल्डरांची रचनाच गेली असेल तर फोटोरेक फाइलींच्या सुरुवातीच्या खुणा शोधून फोटो बाहेर काढतं, मात्र नावं आणि फोल्डर मिळत नाहीत.

डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा तोडगा अजून फिरतो. आपल्याकडे तो घातकच. ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे त्याहून थंड कोणत्याही वस्तूवर पाणी धरतं. उणे १८ अंशांवरून काढलेल्या डिस्कवर ते बाहेरून धरतंच. बहुतेक डिस्कना हवेचा दाब जुळवण्यासाठी गाळणीचं एक बारीक छिद्र असतं, तिथून ओलसर हवा आतही शिरते. एसीच्या गाडीतून आणलेली डिस्कही तासभर तशीच ठेवून मग जोडावी.

टकटक करणारी डिस्क प्रयोगशाळेतच उघडायची. तिथली आयएसओ ५ दर्जाची हवा म्हणजे घनमीटरमागे अर्ध्या मायक्रॉनचे वा त्याहून मोठे कण जास्तीत जास्त ३५२०. तंतोतंत जुळणाऱ्या दुसऱ्या डिस्कची हेड काढून यात बसवली जातात, म्हणून खर्च मोठा. तो करायचा की नाही हे आत काय आहे त्यावर ठरवावं. जमिनीच्या एक-चौदाचा उतारा पुन्हा काढता येतो. चवथीत घुमट वाजवणाऱ्या आजोबांचा आवाज पुन्हा मिळायचा नाही. डिस्क मुंबईला किंवा बेंगळुरूला पाठवायची झाली तर स्थिरविद्युतरोधक पिशवीत घालून, चारी बाजूंनी पाच सेंटिमीटर फोम लावून पाठवावी. न जमल्यास पैसे घेणार का, हे आधी लेखी विचारून घ्यावं.

वॉरंटी शिल्लक असेल तर कंपनी डिस्क बदलून देते, आतला मजकूर देत नाही, आणि जुनी डिस्क सहसा परत येत नाही. म्हणून प्रत काढून होईपर्यंत वॉरंटीचा अर्ज भरू नये.