एंड पॉइंट आणि इक्विव्हॅलन्स पॉइंट: ब्युरेटवरचा आकडा नेमका कशाचा?

टायट्रेशन म्हणजे ब्युरेट या आकडे कोरलेल्या नळीतून एक द्रावण थेंबाथेंबाने फ्लास्कमधल्या दुसऱ्या द्रावणात सोडून त्याचं प्रमाण मोजणं. त्याच्या प्रॅक्टिकल परीक्षेच्या व्हायवात (तोंडी परीक्षेत) हमखास येणारा प्रश्न म्हणजे "एंड पॉइंट म्हणजे काय?" उत्तरही तितकंच हमखास येतं: "आम्ल आणि आम्लारीची अभिक्रिया पूर्ण झाली की रंग बदलतो, तो एंड पॉइंट." या एका वाक्यात दोन वेगळ्या गोष्टी एकमेकींना चिकटवल्या आहेत. अभिक्रिया पूर्ण होणं हा इक्विव्हॅलन्स पॉइंट आणि रंग बदलणं हा एंड पॉइंट. दर्शकाच्या (रंग बदलून दाखवणाऱ्या रसायनाच्या) रंगाला तुमच्या अभिक्रियेशी काही देणंघेणं नसतं. फ्लास्कमधला सामू (pH) त्याच्या पट्ट्यात आला की तो बदलतो, मग अभिक्रिया पूर्ण झालेली असो वा नसो.

इक्विव्हॅलन्स पॉइंट ही समीकरणातली जागा आहे. समीकरणात जे मोल-प्रमाण आहे, बरोबर त्या प्रमाणात दोन्ही पदार्थ एकत्र आले की तो गाठला. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि सोडियम हायड्रॉक्साइड असेल तर एकास एक, सल्फ्युरिक आम्ल असेल तर एकास दोन. लेखी पेपरातल्या गणितात जे आकारमान दिलेलं असतं ते याच बिंदूचं धरलेलं असतं. लॅबमध्ये मात्र आपण जर्नलात लिहितो तो आकडा एंड पॉइंटचा. या दोहोंत जो फरक पडतो तो टायट्रेशनची त्रुटी, आणि दर्शक निवडायचा तो ही त्रुटी एका थेंबापेक्षाही लहान व्हावी म्हणून.

आधी एक गैरसमज बाजूला करू. इक्विव्हॅलन्स पॉइंटला सामू ७ असतो, असं बरेच जण पाठ करून येतात. ते खात्रीने फक्त तीव्र आम्ल आणि तीव्र आम्लारीच्या जोडीला लागू आहे. आणि तिथेही लगेच पुढचा प्रश्न येतो: फिनॉल्फ्थॅलीन तर ८.२ ते १० या पट्ट्यात गुलाबी होतं, मग ७ ला थांबायचं असताना ते कसं चालतं?

याचं उत्तर आकडे मांडल्याशिवाय पटत नाही. ०.१ मोलार हायड्रोक्लोरिक आम्लाचे २५ मिली घ्या आणि वरून ०.१ मोलार सोडियम हायड्रॉक्साइड सोडा. २४.९५ मिलीला सामू सुमारे ४ असतो. २५.०५ मिलीला तो सुमारे १०. मधलं अंतर ०.१ मिली, म्हणजे ब्युरेटचे जेमतेम दोन थेंब. या दोन थेंबांत सामू सहा अंकांनी उडी मारतो. सामू ७ वरून ८.३ वर न्यायला जादा अल्कली (इथे सोडियम हायड्रॉक्साइड) किती लागते? सुमारे ०.००१ मिली. ब्युरेटचा लीस्ट काउंट (वाचता येणारा सर्वांत लहान भाग) ०.१ मिली असताना ही चूक दिसणारसुद्धा नाही. सामूच्या अक्षावर दोन बिंदू लांब असले तरी आकारमानाच्या अक्षावर ते एकमेकांना खेटून असतात, आणि आपण मोजतो ते आकारमान. मिथिल ऑरेंजचा पट्टा ३.१ ते ४.४. तो ४.४ ला पिवळा झाला तरी आपण इक्विव्हॅलन्स पॉइंटच्या फक्त ०.०२ मिली अलीकडे असतो. म्हणून या जोडीला दोन्ही दर्शक चालतात, आणि म्हणूनच विद्यार्थ्यांना वाटतं की दोन्ही बिंदू एकच आहेत.

खरी गंमत व्हिनेगरच्या टायट्रेशनमध्ये. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल दुर्बल. त्याचं ०.१ मोलार द्रावण २५ मिली घेतलं तर सुरुवातीचा सामू सुमारे २.९ असतो. बरोबर २५ मिली अल्कलीला, इक्विव्हॅलन्स पॉइंटला, तो ८.७ च्या आसपास असतो, कारण तिथे फ्लास्कमध्ये उरलेलं सोडियम ॲसिटेट पाण्याशी अभिक्रिया करून द्रावण थोडं अल्कधर्मी करतं. फिनॉल्फ्थॅलीनचा पट्टा तिथेच आहे, त्यामुळे काम चोख होतं. आता कोणी हातात आली ती बाटली उचलून मिथिल ऑरेंज घातलं तर? अर्धा मिली अल्कली जायच्या आतच लाल रंग सरकायला लागतो आणि साधारण आठ मिलीपर्यंत तो लाल, केशरी, पिवळा असा रेंगाळत राहतो. थांबायचं नेमकं कुठे? पूर्ण पिवळा दिसल्यावर थांबलात तरी आम्लाचा एक तृतीयांश भागही संपलेला नसतो. उत्तर जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येतं.

आणि सी.बी.आर., म्हणजे लागोपाठ जुळणारं कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग? तोही येऊ शकतो! रंग जुळवायची नजर पक्की असेल तर चुकीच्या दर्शकानेही रीडिंग्ज एकमेकांशी जुळतील. कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग एवढंच सांगतं की तुम्ही दरवेळी त्याच एंड पॉइंटला थांबलात. तो इक्विव्हॅलन्स पॉइंटच्या किती जवळ आहे याची हमी त्यात नाही. माझ्या मते जर्नलांमध्ये सी.बी.आर.ला जितका मान मिळतो त्याच्या निम्मा जरी 'हाच दर्शक का?' या प्रश्नाला मिळाला तर व्हायवा सुसह्य होईल.

जाता जाता इतिहासातलं एक. फिनॉल्फ्थॅलीन अडोल्फ फॉन बायर यांनी १८७१ मध्ये बनवलं. सामूची मोजपट्टी कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत सोरेन्सन यांनी मांडली ती १९०९ मध्ये. सामू हे नाव नव्हतं तेव्हाही माणसं रंग बघून टायट्रेशन करत होती. एंड पॉइंट आधी हाताला आला, सामूचा वक्र नंतर काढता आला.

काही टायट्रेशनांत एंड पॉइंट उशिराच येतो, तसाच तो यायचा असतो. बारावीपासून ओळखीचं ऑक्झॅलिक आम्ल आणि पोटॅशियम परमँगनेट घ्या. परमँगनेट स्वतःच दर्शक, म्हणजे गुलाबी छटा दिसायला त्याचा थोडा तरी जादा अंश उरावाच लागतो. इक्विव्हॅलन्स पॉइंटला द्रावण बिनरंगीच असतं. मोहर पद्धतीत क्लोराइड मोजताना सिल्व्हर क्रोमेटचा विटकरी रंग दिसण्यासाठीही थोडं जादा सिल्व्हर नायट्रेट जातं. म्हणून ब्लँक (मोजायचा पदार्थ न घालता केलेलं तेच टायट्रेशन) घ्यायचा आणि तेवढं वजा करायचं. ब्लँक म्हणजे एंड पॉइंटपासून इक्विव्हॅलन्स पॉइंटकडे मागे येण्याची वाट. तो 'टीचरनी सांगितलं म्हणून' घेतला जातो, याचं वाईट वाटतं.

फिनॉल्फ्थॅलीनचा गुलाबी रंग थोड्या वेळाने फिका पडतो, तेव्हा घाबरून आणखी थेंब टाकणारे दर बॅचला असतात. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून सामू खाली येतो, म्हणून रंग जातो. अर्धा मिनिट टिकला की रीडिंग घ्या आणि फ्लास्क बाजूला ठेवा.

आता उलटी परिस्थिती. ॲसेटिक आम्ल आणि अमोनियम हायड्रॉक्साइड, दोन्ही दुर्बल. इक्विव्हॅलन्स पॉइंट आहे, सामू ७ च्या जवळ आहे, गणितात सरळ निघतो. पण तिथे सामू उडी मारत नाही, हळूहळू चढतो. कुठलाही दर्शक घाला, रंग सावकाश वितळत जातो आणि एंड पॉइंट म्हणावा असा क्षण सापडत नाही.

अशा जोडीसाठी वाहकतामापी (द्रावणाची विद्युतवाहकता मोजणारं उपकरण) लावतात. अल्कली घालत गेलं की अमोनियम ॲसिटेट तयार होऊन वाहकता वाढत जाते, इक्विव्हॅलन्स पॉइंटनंतर ती जवळपास स्थिर होते. आलेखावर दोन सरळ रेषा मिळतात आणि त्या जिथे छेदतात ते आकारमान आपलं. पण छेदनबिंदूच्या आसपासची रीडिंग्ज रेषेवर बसत नाहीत, जलापघटनामुळे (क्षाराच्या पाण्याशी होणाऱ्या अभिक्रियेमुळे) तिथे वक्र गोलसर होतो. म्हणून पट्टी लावताना ती रीडिंग्ज सोडून द्यायची, दोन्ही बाजूंच्या लांबच्या बिंदूंवरून रेषा काढायच्या आणि वाढवून एकमेकींना भिडवायच्या. आलेखात सगळे ठिपके जोडत वळणदार रेघ मारली तर परीक्षक गुण कापतात ते याच कारणासाठी.