१५×७० की २०×८०? सोलापुरात आकाश बघायला मोठी दुर्बीण घेताना

फोटोत या दोन दुर्बिणी वेगळ्या ओळखू येत नाहीत. दोन्ही काळ्या रबरी, लांबलचक. किंमत बघून माणूस म्हणतो, घेतोयच तर मोठीच घेऊ, आणि २०×८० घरी येते. माझं मत उलट आहे, आणि त्यामागे सोलापूरचा अक्षांशही आहे.

पहिला आकडा वस्तू किती पट मोठी दिसते त्याचा, दुसरा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. ८० मिमीचं भिंग ७० मिमीपेक्षा सुमारे ३० टक्के जास्त प्रकाश गोळा करतं. ऐकायला भरपूर वाटतं, पण ताऱ्यांच्या प्रतीत, म्हणजे तेजाच्या मापात, मोजलं तर फरक जेमतेम ०.३ चा. शहर सोडून बार्शी रस्त्यानं नान्नजच्या अंधाऱ्या माळाकडे गेलात तर यापेक्षा कितीतरी जास्त पदरात पडतं.

खरा फरक वजनात आहे. १५×७० साधारण दीड किलोच्या आत बसते, २०×८० दोन किलोंच्या वर जाते. शिवाय २० पटीत हाताचा थरकापही २० पट. १५×७० माळवदावर बाज टाकून, उताणं पडून, कोपर छातीला टेकवून थोडा वेळ धरता येते. चित्र हलतं, पण बघता येतं. २०×८० ला ट्रायपॉड हवाच, तोही दणकट. मोबाइलसाठी घेतलेला लुकडा ट्रायपॉड वाऱ्याच्या झुळकेनं डोलतो.

आता अक्षांश. सोलापूर १७.७ अंश उत्तरेला. गड्डा यात्रेच्या दिवसांत, म्हणजे जानेवारीच्या मध्याला, रात्री साडेआठच्या सुमारास कृत्तिका जवळजवळ डोक्यावर असतात, क्षितिजापासून ८४ अंशांवर. देवयानी दीर्घिका आणि मृगातला तेजोमेघ हेही सर्वांत उंच आले की ६६-६७ अंशांवर. ट्रायपॉडवरच्या सरळ नळीच्या दुर्बिणीतून इतकं वर बघायचं म्हणजे गुडघे वाकवून, मान मागे टाकून खाली शिरायचं. दहा मिनिटांत हौस फिटते. बाजेवर पडलेल्याला हा त्रास नाही.

दृष्टिक्षेत्रही बघा. १५×७० मध्ये साधारण ४.४ अंश आकाश मावतं, २०×८० मध्ये बहुधा सव्वातीन. कृत्तिका पसरल्यात दोनेक अंशांत. दोन्हींत मावतात, पण भोवतीच्या मोकळ्या काळ्या आकाशामुळे त्या पहिलीत जास्त खुलतात.

२०×८० वाया मात्र नाही. व्यासाला पटीनं भागलं की डोळ्यात शिरणाऱ्या झोताची जाडी मिळते: पहिलीत ४.७ मिमी, दुसरीत ४. त्यामुळे दुसरीत आकाशाची पार्श्वभूमी जास्त काळी होते, आणि शहरातल्या दिव्यांच्या उजेडात हे उपयोगी पडतं. चंद्राची विवरं, जवळजवळचे जोडतारे तिच्यातच सरस दिसतात. मेच्या सुरुवातीला रात्री अकराच्या सुमारास दक्षिणेला ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ २५ अंशांवर येतो. इतक्या खाली ट्रायपॉड सोयीचा पडतो, आणि तो धूसर गोळा २० पटीत बघण्यासारखा असतो. वृश्चिकाच्या शेपटीजवळचे तारकागुच्छही तिच्याच सोयीचे. गुरूचे चंद्र दोन्हींत दिसतात. शनीची स्वच्छ सुटी कडी मात्र दोघींकडूनही मागू नका; त्याला टेलिस्कोप लागतो.

म्हणून पहिली दुर्बीण १५×७०. ट्रायपॉड आणि आरामखुर्ची आधीच घरात असेल, किंवा चंद्राचंच वेड असेल, तर २०×८० खुशाल घ्या.

कुठलीही घेतलीत तरी परत करण्याची मुदत संपायच्या आत दोन गोष्टी तपासा. एखाद्या ठळक ताऱ्याकडे रोखा. दोन्ही डोळ्यांनी एकच तारा दिसला पाहिजे. दोन दिसले किंवा डोळे ओढल्यासारखे वाटले तर नळ्या समांतर नाहीत. मोठ्या दुर्बिणींत, विशेषतः वाहतुकीत आदळल्यावर, हे होतं. मग अंधाऱ्या खोलीत दूरवर फोकस ठेवून डोळा लावायच्या बाजूनं, थोडं अंतर राखून टॉर्च मारा आणि पुढच्या भिंगातून जवळच्या भिंतीवर पडणारं वर्तुळ मोजपट्टीनं मोजा. काही स्वस्त दुर्बिणींवर ७० छापलेलं असतं, पण आतल्या अडथळ्यामुळे वर्तुळ ६३च्या आसपासच भरतं.