बॉक्सवर 'एचडीएमआय २.१' आहे, मग पीएस५ ला ४के १२० का मिळत नाही?

पीएस५, म्हणजे प्लेस्टेशन ५ या गेम कन्सोलसाठी टीव्ही घ्यायचा म्हणून पुण्यात लक्ष्मी रोडवर, तपकीर गल्लीत नाहीतर कोथरूडच्या एखाद्या मोठ्या शोरूममध्ये गेलं की सेल्समन आधी हेच सांगतो, 'सर, यात एचडीएमआय २.१ आहे, गेमिंगला एकदम बेस्ट.' (एचडीएमआय म्हणजे कन्सोल टीव्हीला जोडायची वायर आणि पोर्ट, २.१ हा त्याचा व्हर्जन नंबर.) नियमाने बघितलं तर तो खरं बोलत असतो, आणि तरीही त्या टीव्हीवर ४के १२०, म्हणजे ४के चित्र सेकंदाला १२० वेळा, चालेलच याची खात्री नसते. हे असं का झालं ते कळायला थोडं मागे जावं लागतं, फार नाही, कारण खरा गुंता २०१७ नंतरचाच आहे.

डब्बा टीव्हीच्या काळात असले प्रश्नच नव्हते. सिग्नल आला की तो लगेच पडद्यावर ओळीओळीने उमटायचा, मध्ये काही प्रोसेसिंग नाही. कॅसेटवाल्या व्हिडिओ गेमची ती बदकं मारायची बंदूक त्यामुळेच चालायची, ट्रिगर दाबला की स्क्रीन क्षणभर काळी व्हायची, बदकाच्या जागी पांढरा चौकोन यायचा आणि बंदुकीतला सेन्सर तो उजेड पकडायचा. एलसीडीवर ती बंदूक काम करत नाही, कारण तिथे चित्र यायला उशीर होतो आणि सगळं टायमिंग चुकतं. सुरुवातीच्या फ्लॅट टीव्हींमध्ये तर शार्पनेस, नॉइज रिडक्शन, मोशन स्मूदनिंग करता करता काही सेटवर १०० मिलिसेकंदांपर्यंत उशीर व्हायचा. ६० एफपीएसला, म्हणजे सेकंदाला ६० फ्रेम असताना, एक फ्रेम १६.७ मिलिसेकंदांची, म्हणजे तुम्ही बटन दाबल्यावर सहा फ्रेम मागून सगळं दिसणार. यावर उपाय म्हणून गेम मोड आला, म्हणजे ही प्रोसेसिंग बंद करायचं बटन, आणि आजही अनेक घरांत पीएस५ लावलेल्या टीव्हीवर ते चालूच केलेलं नसतं.

आता मुद्द्यावर येतो. २०१३ मध्ये एचडीएमआय २.० आलं, सेकंदाला १८ गिगाबिट नेणारं. ४के ६० साठी तेवढं पुरतं, पण ४के १२०, १० बिट (रंगांच्या जास्त छटा) आणि पूर्ण रंग हवे असतील तर साधारण ४० गिगाबिट लागतात. म्हणून नोव्हेंबर २०१७ मध्ये २.१ चं स्टँडर्ड आलं, ४८ गिगाबिटपर्यंत जाणारं, त्यात सिग्नल पाठवायची पद्धतच नवीन, शिवाय व्हीआरआर, म्हणजे गेमचा फ्रेमरेट खालीवर झाला तर टीव्हीचा रिफ्रेशही तसाच बदलतो, आणि एएलएलएम, म्हणजे कन्सोल चालू झाला की टीव्ही आपोआप गेम मोडवर जातो. २०१९ मध्ये एका ओलेड मालिकेत चारही पोर्ट पूर्ण ४८ गिगाबिटचे होते, तेव्हा ते वापरणारा कन्सोलच बाजारात नव्हता. नोव्हेंबर २०२० ला पीएस५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स आले (आपल्याकडे पीएस५ २ फेब्रुवारी २०२१ ला), आणि मग 'एचडीएमआय २.१' हे गेमिंगवाल्यांसाठी पासवर्डसारखं झालं, ते असलं की टीव्ही चांगला, नसलं की बाद.

आणि नेमकं तेव्हाच त्या नावातला दम गेला. डिसेंबर २०२१ मध्ये एक मॉनिटर चर्चेत आला, त्याच्यावर २.१ लिहिलेलं होतं पण आतली क्षमता २.० एवढीच. एचडीएमआयचं लायसन्स देणाऱ्या मंडळींना विचारलं तर उत्तर आलं की यात चूक काहीच नाही, २.० आता अस्तित्वातच नाही, ते २.१ मध्ये विलीन झालंय, २.१ ची सगळी नवीन फीचर्स ऐच्छिक आहेत, आणि नवीन उत्पादनावर २.० लिहूच नये. म्हणजे ४८ गिगाबिट नाही, व्हीआरआर नाही, एएलएलएम नाही, नवीन सिग्नल पद्धतही नाही, तरी तो पोर्ट २.१ च. कंपनीवर एवढंच बंधन की २.१ म्हणायचं असेल तर कोणती फीचर्स आहेत तेही सांगायचं.

याची दुसरी बाजूही आहे. व्हर्जन नंबर हा मुळात इंजिनिअर लोकांसाठी असतो, गिऱ्हाइकाने फीचरचं नाव बघावं, आणि प्रत्येक फीचर सक्तीचं केलं असतं तर स्वस्त टीव्हीला नवीन स्टँडर्ड परवडलंच नसतं, हे म्हणणं तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण माणूस दुकानात ५०-६० हजार मोजत असताना त्याच्यासमोर बॉक्सवर एक ठळक आकडा असतो आणि फीचर्सची यादी वेबसाइटवरच्या पीडीएफमध्ये कुठेतरी आत. कंपन्यांनी काय लपवलं यापेक्षा स्टँडर्ड ठरवणाऱ्यांनीच त्यांना ही मोकळीक दिली हे मला जास्त वाईट वाटतं, कारण ज्या नंबरवर लोक विश्वास ठेवायला शिकले होते तोच त्यांनी पोकळ केला. निदान २.१ च्या खाली 'पूर्ण' आणि 'मर्यादित' असे दोन लोगो तरी देता आले असते.

यात पोर्टांची भानगड वेगळीच. बऱ्याच टीव्हींमध्ये चारपैकी दोनच पोर्ट ४के १२० वाले असतात आणि त्यातलाच एक ई-आर्कचा (साउंडबारला आवाज पाठवणारा) असतो, म्हणजे साउंडबार लावला की पीएस५ ला एकच पोर्ट उरतो आणि दोन कन्सोल असतील तर वायर बदलत बसा. अनेक कंपन्या एकाच ठिकाणची चिप वापरायच्या आणि ती चिपच दोन पोर्टांची होती, म्हणून हे वेगवेगळ्या ब्रँडमध्ये सारखंच दिसायचं.

आपल्या बाजारातला अजून एक गोंधळ म्हणजे डीएलजी, ड्युअल लाइन गेट. बजेट टीव्हीवर '१२० हर्ट्झ डीएलजी' लिहिलेलं असतं (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा चित्र बदलतं ते), पण पॅनल ४के ६० चंच असतं. त्यात दोन-दोन ओळी एकत्र चालवून वेग दुप्पट करतात, म्हणजे २१६० आडव्या ओळींच्या १०८० होतात. १०८०पी १२० खेळायचं असेल तर उपयोग आहे, नाही असं नाही, पण तो ४के १२० नव्हे. 'मोशन रेट १२०' तर त्याहून पोकळ, त्यात टीव्ही स्वतःच्या मनाने मधल्या फ्रेम घालतो.

आता कुणी म्हणेल की बहुतेक गेम ३० नाहीतर ६० लाच चालतात, १२० कशाला हवं. पण २०२१ पासून मोठ्या गेममध्ये ४० एफपीएसचा मोड यायला लागला, आणि तो फक्त १२० हर्ट्झवर नीट बसतो कारण १२० ला ४० ने पूर्ण भाग जातो, ६० ला जात नाही. ३० एफपीएसला फ्रेम ३३.३ मिलिसेकंदांनी येते, ४० ला २५ ने, म्हणजे ३० आणि ६० च्या बरोब्बर मध्ये. ग्राफिक्स जवळजवळ तसेच राहतात आणि हातात फरक जाणवतो. शिवाय पीएस५ ला व्हीआरआर एप्रिल २०२२ मध्ये अपडेटने मिळालं, तेही फक्त २.१ व्हीआरआर असलेल्या टीव्हीवर आणि ४८ ते १२० हर्ट्झच्या पट्ट्यात, त्यामुळे ६० च्या पॅनलवर त्याला फारशी जागाच राहत नाही.

एचडीआर, म्हणजे उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणारं चित्र, त्याबद्दल थोडक्यात. डॉल्बी व्हिजन या एचडीआरच्याच एका प्रकाराचं स्टिकर पीएस५ वाल्याच्या गेमिंगला कामाचं नाही, कारण पीएस५ साधं एचडीआर१० देतो, डॉल्बी व्हिजनमध्ये गेम एक्सबॉक्स सिरीज एक्स-एस वर चालतात. एचडीआरचा लोगो असलेला पण लोकल डिमिंग (पडद्याचा भाग-भाग वेगळा मंद करणं) नसलेला, कमी ब्राइटनेसचा टीव्ही सिग्नल स्वीकारतो, दाखवू मात्र शकत नाही.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, त्यामुळे खरं १२० हर्ट्झ पॅनल असलेले ५५ इंची थोडे आवाक्यात आले. मॉडेल नंबर घेऊन घरी या, मॅन्युअल डाउनलोड करा आणि प्रत्येक पोर्टसमोर '४के १२०' आणि 'व्हीआरआर' लिहिलंय का ते बघा, व्हर्जन नंबर बघू नका. केबलला मात्र सर्टिफिकेशन आहे, 'अल्ट्रा हाय स्पीड' लेबल आणि स्कॅन होणारा कोड, तिथे विश्वास ठेवायला हरकत नाही, आणि पीएस५ च्या डब्यात चांगली केबल येतेच.

जून २०२५ मध्ये २.२ चंही स्टँडर्ड आलंय, ९६ गिगाबिटपर्यंतचं. आत्ताच्या कन्सोलना त्याची गरज नाही, त्यासाठी थांबू नका. त्याच्यासोबत 'अल्ट्रा९६' असं नवीन नाव काढलंय आणि ६४, ८० किंवा ९६ गिगाबिट, यातलं कुठलंही असलं तरी ते नाव लावता येतं.