बौद्धिक संपदा नियमनातील लवचिकता

बौद्धिक संपदेच्या हक्काची रचना अशी करणे, की तंत्र, वाण, बाजार वा हवामान बदलले तरी मूळ हक्क न हलवता त्यावरच्या अटी बदलता येतील. भारतात या रचनेचे तीन थर आहेत: संसदेचा कायदा, केंद्राचे नियम आणि प्रत्येक नोंदणीचे विवरण, म्हणजे त्या मालाचे क्षेत्र, गुण आणि रीत लिहिलेला कागद. भौगोलिक मानांकन म्हणजे विशिष्ट जागेमुळे ओळखल्या जाणाऱ्या मालाच्या नावाचे संरक्षण. त्याच्या १९९९ च्या कायद्यातली नोंदणीची १० वर्षांची मुदत बदलायची तर संसदेतच जावे लागते. अधिकृत वापरकर्त्याचे, म्हणजे ते नाव वापरण्यासाठी नोंदणी करणाऱ्या उत्पादकाचे, शुल्क मात्र २०२० मध्ये नियमदुरुस्तीने ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आले. पेटंटच्या वापराचे विवरणपत्रही २०२४ पासून दरवर्षीऐवजी तीन वर्षांतून एकदा द्यायचे असते.

घोळ होतो तो तिसऱ्या थरात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मानांकन मिळाले. हरिपूर, सांगलीवाडी भागात हळद जमिनीखालच्या पेवांत साठवत. २००५ च्या महापुरात या पेवांची मोठी हानी झाली. विवरणात पेव इतिहास म्हणून आले तर बिघडत नाही. ‘पेवात साठवलेली’ अशी अट घातली, तर गोदामातली सगळी हळद कागदावर बाद! उलट मोजता येईल असा एकही गुण लिहिला नाही, तर परजिल्ह्यातून सांगलीच्या यार्डात सौद्याला आलेला मालही त्याच नावाने खपतो. म्हणून क्षेत्राची हद्द नकाशावर पक्की करावी, कर्क्युमिन (हळदीतले पिवळे द्रव्य) आणि ओलाव्याला किमान-कमाल पल्ला द्यावा, साठवणीची रीत केवळ वर्णनात ठेवावी.

वाणांचेही तसेच. महाबळेश्वर स्ट्रॉबेरीचे मानांकन (२०१०) जागेचे आहे. स्वीट चार्ली, विंटर डॉन अशी वाणे येत-जात राहतात. वाणांची बंद यादी केली, की रोपवाटिकेतले नवे रोप यादीबाहेर पडते.

विवरणात बदल करण्याची वाट भौगोलिक मानांकन कायद्याच्या कलम २९ मध्ये आहे. नोंदणीधारकाने चेन्नईच्या नोंदणी कार्यालयाकडे अर्ज करायचा. मानांकनाच्या ओळखीला मोठा धक्का देणारा बदल मंजूर होत नाही. नोंदणीधारक संघ थंडावला, तर अर्ज करणारेच कोणी उरत नाही. प्रमाणपत्र भिंतीवर राहते आणि नूतनीकरणाची तारीख निघून जाते.

वनस्पती वाण व शेतकरी हक्क कायद्यात (२००१) आढाव्याची वेळ आधीच ठरवलेली आहे. झाडे व वेलींना पहिली ९ वर्षे, नूतनीकरणाने एकूण १८. इतर पिकांना ६ आणि १५. हक्क जपण्यात रस नसलेला धारक दुसऱ्या टप्प्याचे शुल्क भरत नाही आणि वाण आपोआप खुले होते. शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा, देण्याचा, विकण्याचा हक्क मात्र या मुदतींवर अवलंबून नाही. बियाण्याच्या व्याख्येत लागवडीचा सजीव भागही येतो. त्यामुळे तासगावच्या बागायतदाराला संरक्षित द्राक्षवाणाची कलमाची काडी शेजाऱ्याला देता येते, विकताही येते. तिच्यावर संरक्षित वाणाचे लेबल लावून ब्रँडेड माल म्हणून विकणे तेवढे चालत नाही.