संघर्ष (१९९९)

संघर्ष हा तनुजा चंद्रा यांनी दिग्दर्शित केलेला हिंदी थरारपट सप्टेंबर १९९९ मध्ये प्रदर्शित झाला. त्याचे लेखन महेश भट्ट यांचे, निर्मिती मुकेश भट्ट यांची आणि संगीत जतिन-ललित यांचे आहे. ह. स. रवैल यांच्या १९६८ मधील याच नावाच्या चित्रपटाशी त्याचा संबंध नाही.

अमरत्वासाठी लहान मुलांचा बळी देणाऱ्या लज्जाशंकर पांडेचा (आशुतोष राणा) शोध सीबीआयची प्रशिक्षणार्थी अधिकारी रीत ओबेरॉय (प्रीती झिंटा) घेते आणि त्यासाठी तुरुंगातील प्राध्यापक अमन वर्माची (अक्षय कुमार) मदत मागते, असे कथासूत्र आहे.

कथेच्या उगमाविषयी बरीच चर्चा झाली आहे. जोनाथन डेमी यांच्या ‘द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्स’ (१९९१) या चित्रपटावर ती बेतलेली आहे, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. नवखी तपास अधिकारी, तिला ग्रासणारी बालपणीची आठवण आणि कैदेतल्या बुद्धिमान माणसाचा सल्ला या तिन्ही गोष्टी दोन्हींकडे असल्याने हे मत नाकारणे कठीण आहे. नरबळी आणि कालीची उपासना हा भाग मात्र मूळ इंग्रजी चित्रपटात नाही; त्यावरून काहीजण ‘संघर्ष’ला स्वतंत्र कृती ठरवतात, पण त्याला केवळ प्रेरणेपेक्षा रूपांतर म्हणणेच अधिक सयुक्तिक वाटते. रूपांतर करताना झालेला एक बदल निर्णायक ठरला. मूळ चित्रपटातील कैदी स्वतःच नरभक्षक खुनी आहे, त्यामुळे त्याच्याशी होणारे प्रत्येक संभाषण धोक्याचे असते. येथे अमन अन्यायाने शिक्षा भोगणारा सज्जन नायक झाला, तुरुंगातील प्रसंगांतला ताण ओसरला आणि भीतीचा सगळा भार एकट्या लज्जाशंकरवर पडला.

पटकथेचे दोष याच बदलातून वाढतात. तपासाला वेग आला की प्रेमकथा आणि गाणी आडवी येतात आणि तपासाचे धागे अनेकदा तर्काऐवजी योगायोगाने जुळतात. श्रद्धा, अंधश्रद्धा आणि मनोविकृती यांतील सीमारेषाही पटकथेने पुसट ठेवली आहे.

अभिनय मात्र या उणिवा बऱ्याच अंशी झाकतो. राणा यांचा लज्जाशंकर आधी डोळे स्थिर ठेवून जवळजवळ आर्जवाने बोलतो आणि मग अचानक तोंड उघडून, जीभ लवलवत दीर्घ आरोळी ठोकतो. त्या आरोळीपेक्षाही तिच्या आधीची शांतता अधिक भयावह आहे. तनुजा चंद्रा यांच्याच ‘दुश्मन’मध्ये (१९९८) राणा यांनी विकृत गुन्हेगार साकारला होता, पण तिथला क्रूरपणा थंड आणि रोजच्या जगण्यात दडलेला होता, तर इथे त्यांनी तो जणू अंगात आल्यासारखा उभा केला. झिंटा यांनी रीतचे घाबरणे लपवले नाही, म्हणून तिचे धाडस पटते. अॅक्शनपटांतील नायक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अक्षय कुमार यांचा संयमही उल्लेखनीय आहे. रीतच्या बालपणीच्या छोट्या भूमिकेत आलिया भट्ट दिसते.

‘दुश्मन’ आणि ‘संघर्ष’ या दोन्ही भूमिकांसाठी राणा यांना लागोपाठ दोन वर्षे सर्वोत्कृष्ट खलनायकाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.